पडद्यावरचे सत्तर टक्के

ऑफिसात नवी संगणक प्रणाली यायची असली की तिच्या आधी प्रशिक्षण येतं. चहा, बिस्किटं आणि पडद्यावर पहिलंच वाक्य: ‘संस्थांमधले ७० टक्के बदल फसतात.’ सगळे माना खाली घालून वहीत उतरवून घेतात. मीही दोनदा उतरवलं आहे.

हा आकडा कुणी मोजलेलाच नाही. १९९३ साली मायकेल हॅमर आणि जेम्स चॅम्पी यांनी ‘रीइंजिनिअरिंग द कॉर्पोरेशन’ या पुस्तकात लिहिलं की, ५० ते ७० टक्के संस्थांना रीइंजिनिअरिंगमधून, म्हणजे कामाच्या पद्धती मुळापासून नव्याने आखण्यातून, हवं ते साधत नाही. म्हणजे गोष्ट एकाच पद्धतीपुरती होती, आणि हा अंदाज शास्त्रीय नाही हेही त्यांनीच नोंदवलं होतं. पुढे सांगोवांगी त्यातले ५० गळाले, ‘अंदाज’ हा शब्द गळाला आणि उरले नुसते ७०. मार्क ह्यूज या अभ्यासकाने २०११ मध्ये या आकड्याचे पाच प्रकाशित उल्लेख तपासले. एकातही त्याला पक्का पुरावा मिळाला नाही.

दुसरं वाक्य साहेबलोकांच्या विशेष आवडीचं: ‘आपल्या माणसांना बदल नकोच असतो.’

हे वाक्य ताडून पाहायला एक जुना प्रयोग आहे. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या मॅरियन गावी हारवुड कंपनीचा पायजम्यांचा कारखाना होता. मजुरी नगावर. तिथल्या प्रयोगावर लेस्टर कॉक आणि जॉन फ्रेंच यांचा लेख १९४८ मध्ये छापून आला. इस्त्री करणारे कामगार सहा-सहा नग पुठ्ठ्यावर रचत. ते आता खोक्यात रचायचे होते. बदल एवढाच! व्यवस्थापनाने काम बदललं, नवा दर ठरवला आणि मग बैठक बोलावून तो सांगितला. उत्पादन घसरलं ते वर येईना, वरिष्ठांशी खटके उडू लागले आणि पहिल्या ४० दिवसांत १७ टक्के लोक काम सोडून गेले.

त्याच कारखान्यात तयार कपडे तपासणाऱ्यांचे दोन गट होते. त्यांच्याही कामात बदल करायचा होता. पण काम कसं बदलायचं आणि दर कसा बांधायचा, हे ठरवायला त्या गटांतल्या सगळ्यांना सोबत घेतलं. त्यांचंही उत्पादन आधी खाली आलं, पण लगेच सावरलं आणि पूर्वीपेक्षा सुमारे १४ टक्के वर गेलं. ४० दिवसांत एकानेही काम सोडलं नाही.

कुणी म्हणेल, इस्त्रीवाले मुळातच हट्टी असतील. त्याचंही उत्तर प्रयोगात आहे. उरलेल्या इस्त्रीवाल्यांना अडीच महिन्यांनी पुन्हा एकत्र आणून आणखी एक नवं काम दिलं, या वेळी त्यांना विचारून. तीच माणसं झपाट्याने वर आली. अर्थात गट लहान होते, सर्वांत लहान गटात तर सातच जण. त्यामुळे टक्क्यांना फार कवटाळू नये. पण ज्याला आपण माणसांचा स्वभाव म्हणतो, तो बराचसा निर्णय घेण्याच्या पद्धतीवर अवलंबून होता, एवढं त्यातून दिसतं. (सहभाग म्हणजे जिन्याखाली टांगलेली सूचनापेटी नव्हे, हेही दिसतं.)

शिकण्याबद्दलचे आकडेही त्या ७० टक्क्यांच्याच जातकुळीतले. ‘वाचलेलं १० टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं २०’ हा तक्ता अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ एडगर डेल यांच्या नावावर खपतो. डेल यांनी १९४६ मध्ये अनुभवांचा शंकू काढला, हे खरं. त्यात टक्केवारी नव्हती. आणि ७० टक्के शिक्षण कामातून, २० इतरांकडून, १० वर्गात? ते अमेरिकेतल्या यशस्वी अधिकाऱ्यांना ‘तुम्ही कशातून शिकलात’ असं विचारून निघालेलं. ती त्यांची आठवण होती, मोजमाप नव्हे. तेवढ्या आधारावर प्रशिक्षणाचा खर्च कापू नये.

नवी प्रणाली तुमच्या खात्यात यायची असेल, तर रोज ते काम करणाऱ्या बाईंना पडदा लावण्याआधी बोलवा. आणि पडद्यावर पुन्हा ७० दिसलेच, तर हात वर करून विचारा: मोजले कुणी?