राता ते पनवेल-३

ठाणे, दिवा, कोपर, डोंबिवलीच्या खाडीकाठी आगऱ्यांनी शेती केली ती भरतीशी भांडून. मातीचा बांध घालायचा, त्याला उघाडी ठेवायची, म्हणजे ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर पडतं आणि भरतीचं आत शिरत नाही. मग पावसानं मीठ धुऊन काढायची वाट पाहायची. मोड आलेलं बी थेट चिखलात फेकायचं, हा ‘रहू’. पिकायचा तो तांबडा तांदूळ, राता. उतारा बेताचाच, पण खाऱ्या जमिनीत तग धरणारा.

पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राचं भांडवल हेच. आज ते दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाकडे आहे. रात्यातून निवडलेल्या भुरा राता ४-१० चा संकर फिलिपिन्सहून १९६६ साली आलेल्या बुटक्या, भरघोस आयआर-८ शी झाला आणि पनवेल-१ व पनवेल-२ निघाले, पनवेल-३ नंतरचा. श्रेय प्रयोगशाळेला जातं. निम्मं तरी ते बियाणं पिढ्यानपिढ्या राखणाऱ्यांचं आहे.

भाताचं बी खारटपणातही रुजतं. खरी परीक्षा कोवळ्या रोपाची, आणि नंतर पोटरी-फुलोऱ्याची. मातीची क्षारता ३ डेसिसिमेन्स प्रतिमीटरच्या वर गेली की पुढच्या प्रत्येक एककाला उत्पन्न सुमारे १२ टक्क्यांनी घटतं. पाऊस उघडला, ऑक्टोबरचं ऊन तापलं, की खालचं मीठ पुन्हा वर चढतं. त्याआधी दाणा भरायला हवा.

सोडियम पानात साठला की पान करपतं. बंगालच्या नोना बोकरा भातात त्यावरचा उपाय सापडला, २००५ साली: मुळाकडून वर चढणाऱ्या रसातून सोडियम मध्येच काढून घेणारा जनुक. केरळच्या पोक्कालीतला ‘साल्टॉल’ हा गुणसूत्राचा तुकडाही त्याच भागातला. तो रोपात उतरला की नाही, हे आता पानाच्या चिमूटभर तुकड्यावरून कळतं. खाऱ्या शेतात हंगामभर थांबावं लागत नाही.

बियाणं मात्र बांधाची जागा घेत नाही. उधाणात बांध फुटला की पनवेल-३ सुद्धा वाचत नाही. डागडुजी पूर्वी गावकीनं व्हायची. १९४८ च्या खारभूमी कायद्यानंतर ती सरकारकडे गेली. शेत काही वर्षं पडीक राहिलं की तिथं खारफुटी उगवते. खारफुटीला कायद्याचं संरक्षण, त्यामुळे ती तोडून पुन्हा भात लावता येत नाही.