ट्रान्सक्रिप्ट: ट्रेनिंगची विमानं एकमेकांवर आदळत का नाहीत?

वाघोलीकरांना विमानांचं काही कौतुक राहिलेलं नाही. लोहगावची धावपट्टी आपल्या जवळजवळ सरळ पश्चिमेला आहे, त्यामुळे 28 नंबरच्या बाजूने उतरणारं विमान आपल्या डोक्यावरूनच जातं. 28 म्हणजे साधारण 280 अंश, पश्चिम दिशा. त्यात हवाई दलाची सुखोई आहेतच. पण या सगळ्यांवर टॉवरची आणि रडारची नजर असते.

आजचा प्रश्न वेगळा आहे. आमच्या सोसायटीतली एक मुलगी पायलट व्हायला बारामतीला निघालीये. तिच्या आईने मला विचारलं, "अरे, तिथे एकाच वेळी चार-पाच विमानं घिरट्या घालतात म्हणे, चालवणारी सगळी शिकाऊ. आदळत नाहीत का एकमेकांवर?"

प्रश्न भाबडा अजिबात नाही. जुलै 2025 मध्ये कॅनडात, मॅनिटोबातल्या स्टाइनबाखजवळ एकाच फ्लाइंग स्कूलची दोन छोटी सेस्ना विमानं धावपट्टीजवळ धडकली. दोन्ही विद्यार्थी गेले. त्यातला एक केरळचा होता. दोन्ही विमानांत रेडिओ होता.

आता हे होतं कसं ते बघू. ट्रेनिंगमध्ये सगळ्यात जास्त गिरवला जाणारा धडा म्हणजे सर्किट. टेकऑफ करायचं, बहुतेक ठिकाणी डावीकडे वळायचं, जमिनीपासून साधारण 1000 फुटांवर धावपट्टीला समांतर उलट दिशेने जायचं, पुन्हा दोन वळणं घेऊन उतरायचं. चाकं टेकली की परत टेकऑफ. थोडक्यात आकाशातला चौकोनी रिंग रोड. सगळे एकाच दिशेने, एकाच उंचीवर फिरतात, म्हणून दुसरा कुठे असेल याचा अंदाज बांधता येतो. धोकाही त्यातूनच येतो, कारण शेवटी सगळ्यांना एकाच बिंदूवर यायचंय. शेवटच्या सरळ टप्प्यावर, म्हणजे फायनलवर, प्रत्येकाची नजर धावपट्टीला चिकटलेली असते.

बारामतीच्या धावपट्टीवर बरीच वर्षं नियमित कंट्रोल टॉवर नव्हता. ट्रॅफिकची माहिती ट्रेनिंग संस्थांचीच माणसं रेडिओवर द्यायची. अशा ठिकाणी पायलट प्रत्येक वळणावर स्वतःच बोलतो: मी अमुक, डाउनविंडवर आहे, उतरायला येतोय. बाकीचे ते ऐकून डोक्यात नकाशा काढतात. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, मध्ये सर्व्हर नाही, प्रत्येक जण आपली कॉपी स्वतः अपडेट करतोय. एकाचा मेसेज दुसऱ्याच्या मेसेजवर चढला, की दोघांचेही नकाशे चुकले.

मग उरतात डोळे. पण डोळ्यांची एक गंमत आहे, गंमत कसली, वाईट खोड आहे. हलणारी वस्तू त्यांना पटकन दिसते. पण जे विमान तुमच्यावर येऊन धडकणार असतं, ते काचेवर जागचं हलतच नाही! नगर रोडला बाजूच्या गल्लीतून येणारी बाइक तुमच्या खिडकीत पुढे किंवा मागे सरकत असेल, तर ती चुकेल. एकाच जागी राहून नुसती मोठी होत असेल, तर ब्रेक दाबा. आकाशात तो एक स्थिर ठिपका असतो आणि तो शेवटच्या काही सेकंदांत एकदम मोठा होतो.

किती सेकंद? अमेरिकेच्या एफएएचा हिशेब आहे की दिसणं, ओळखणं, ठरवणं आणि विमान प्रत्यक्ष वळणं, सगळं मिळून 12.5 सेकंद लागतात. दोन विमानं 90 नॉट्सने समोरासमोर आली, तर तेवढ्या वेळात त्यांच्यातलं साधारण 1150 मीटर अंतर संपतं. तेवढ्या अंतरावरून 11 मीटर पंखांचं सेस्ना 172 तुमच्या करंगळीच्या नखापेक्षाही लहान दिसतं. म्हणूनच विद्यार्थ्यांना नजर सरसर फिरवू नका, आकाशाच्या एकेका तुकड्यावर क्षणभर थांबवा, असं शिकवतात.

शिवाय विमान स्वतःच नजर अडवतं. सेस्नाचे पंख डोक्यावर, त्यामुळे वळताना वळणाची बाजूच झाकली जाते. काही विमानांचे पंख खाली असतात, त्यांना पोटाखालचं दिसत नाही. खाली सेस्ना, वर असलं विमान, दोघंही फायनलवर उतरतायत... दोघांनाही दुसरा दिसत नाही. म्हणून वळण्याआधी पंख जरासा उचलून बघायचं असतं.

तुम्ही म्हणाल, मोठ्या विमानांत टीकॅस असतं ना? असतं. 12 नोव्हेंबर 1996 ला चरखी दादरीवर सौदी आणि कझाक विमानं धडकून 349 माणसं गेली, त्यानंतर भारताने ते सक्तीचं केलं. पण छोट्या ट्रेनर विमानांत ते सहसा नसतं. आणि जमिनीपासून साधारण 1000 फुटांच्या खाली टीकॅस 'वर जा, खाली जा' सांगणं थांबवतं. म्हणजे नेमकं सर्किटच्या उंचीवर!

एडीएस-बी रिसीव्हर मदत करतो, आजूबाजूची विमानं टॅबलेटवर दाखवतो. फक्त समोरच्याकडेही सिग्नल पाठवणारं यंत्र हवं. तुमच्या फोनमधल्या फ्लाइट ट्रॅकर ॲपवर लोहगावचं प्रवासी विमान दिसतं आणि डोक्यावरून गर्जत गेलेलं सुखोई दिसत नाही, तसंच हे.

त्या काकूंना मी एवढंच सांगितलं: पुढचं विमान दिसत नसेल तर उतरायचं नाही, पॉवर द्यायची, वर जायचं, रेडिओवर सांगायचं आणि आणखी एक फेरी मारायची. त्याला गो-अराउंड म्हणतात. त्यांचा पुढचा प्रश्न होता, "त्या जादा फेरीचे पैसे लागतात का?" लागतात काकू, फ्लाइंगचं बिल तासावर असतं.