उद्या कोणती सेडान जपली जाईल?
१९९८ ते २००३ मधली बीएमडब्ल्यू एम५ (ई३९) संग्राहक शोधतात, ती नुसत्या वेगासाठी नव्हे. ४.९ लिटरचे व्ही८, ४०० अश्वशक्ती आणि गिअरबॉक्स फक्त मॅन्युअल! पुढच्या ई६० ला व्ही१० मिळाले, पण मॅन्युअल केवळ उत्तर अमेरिकेत. म्हणून त्या मोजक्या गाड्यांना जादा भाव. या व्ही१०चे कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग लवकर झिजतात. बदलल्याची बिले नसतील तर भाव पडतो, आणि पडायलाच हवा.

नव्यांपैकी माझी पसंती कॅडिलॅक सीटी५-व्ही ब्लॅकविंगला: ६६८ अश्वशक्तीचे सुपरचार्ज्ड व्ही८, तेही मॅन्युअलसह. मर्सिडीजने सी६३ मध्ये चार सिलिंडरचे हायब्रिड बसवले, त्यामुळे जुन्या ६.२ लिटर व्ही८ सी६३ कडेही ओढा वाढावा. फेरफार केलेली गाडी मात्र टाळा.