जर्मनीत इंटर्नशिपला निघालात? आधी टपालपेटीवर नाव लावा!

जर्मनीला इंटर्नशिपसाठी जाणाऱ्या पोरापोरींनो, खोली ताब्यात आली की पहिलं काम म्हणजे दारावरची बेल आणि टपालपेटी, दोन्हींवर आपलं आडनाव लावा. तिथला पोस्टमन फ्लॅट नंबर नाही, नाव बघतो. नाव नसेल तर पत्र सरळ परत जातं. आणि बँकेचा पिन, विम्याचं कार्ड, टॅक्स नंबर हे सगळं सहसा टपालानेच येतं! कुणासोबत खोली घेतली असेल, तर त्यांच्या नावाखाली आपल्या नावाची चिठ्ठी चिकटवा.

मग ‘आनमेल्डुंग’, म्हणजे पत्त्याची नोंदणी. मुक्काम तीन महिन्यांपेक्षा जास्त असेल तर राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ती करायची. घरमालकाच्या सहीचा दाखला लागतो, नुसता भाडेकरार चालत नाही. मोठ्या शहरांत अपॉइंटमेंट लवकर मिळत नाही, तेव्हा निघण्याआधीच ऑनलाइन बघायला लागा. दाखला द्यायला काकू करणाऱ्याची खोली कितीही स्वस्त असो, घेऊच नका.

रविवारी दुकानं बंद, म्हणून किराणा शनिवारीच भरा. पाण्याच्या रिकाम्या प्लास्टिक बाटल्या फेकू नका. सुपरमार्केटच्या मशीनमध्ये टाकल्या की पावती येते, ती काउंटरवर दिली की बाटलीमागे २५ सेंट परत!