श्यामचे बोट धरून

चौथीतल्या मुलाच्या घरी शाळेचा 'प्रोजेक्ट' आला म्हणजे धावपळ कोणाची होते, हे वाचकांना सांगायला नकोच. आई कामावरून येता येता कोपऱ्यावरच्या दुकानातून चार रंगीत पाने छापून आणते, बाबा ती कापतात, चिरंजीव डिंक लावतात आणि दुसऱ्या दिवशी वहीवर 'उत्तम' असा शेरा पडतो. त्या पानांवर काय लिहिले होते, हे मात्र तिघांपैकी एकालाही ठाऊक नसते! आता तर छापण्याचेही कष्ट उरले नाहीत. फोनला विचारावे, तो घडाघडा उत्तर म्हणून दाखवतो.

मी वाघोलीला राहते. शाळेतून निवृत्त झाल्यावर स्वस्थ बसवेना, म्हणून सोसायटीच्या लहानशा हॉलमध्ये दर शनिवारी दुपारी तिसरी ते पाचवीची दहाबारा मुले जमवू लागले. इंटरनेटवर माहिती कशी शोधावी, हे त्यांना शिकवायचे होते. पण नुसते 'शोधा' म्हटले तर मुलांनी शोधावे काय? शोधायला आधी प्रश्न पडावा लागतो, आणि प्रश्न पडायला दुसऱ्याच्या घरात थोडे डोकावावे लागते. म्हणून मी कपाटातून 'श्यामची आई' काढले.

साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात लिहिले. त्यात बेचाळीस रात्रींच्या आठवणी आहेत. आम्ही दर शनिवारी एक रात्र वाचायची आणि प्रत्येकाने एक प्रश्न काढायचा, असे ठरले. नियम एकच. वाचून झाल्याशिवाय फोनला हात लावायचा नाही.

पहिल्याच दिवशी एका चुणचुणीत मुलीने विचारले, "आजी, श्याम खरा होता का हो?" केवढा मोठा प्रश्न! आम्ही शोधायला बसलो. लेखकाचे नाव पांडुरंग सदाशिव साने, जन्म २४ डिसेंबर १८९९, गाव दापोली तालुक्यातले पालगड. नकाशावर पालगड सापडले तेव्हा मुलांना कोण आनंद झाला! मग मी सांगितले, "बाळांनो, विश्वकोश जन्मतारीख सांगतो. आईने रागावल्यावर पोटात कसे कालवले, ते विश्वकोशाला ठाऊक नसते, ते आठवणीलाच विचारावे लागते. पण तारखा आणि नावे आठवणीत कधी कधी पुढेमागे होतात. तेव्हा कोणाला काय विचारायचे, ते आधी ओळखावे."

खरी गंमत पुढच्या शनिवारी झाली. 'श्यामची आई' असे टाइप केले तर पुस्तकाआधी सिनेमाच समोर आला. एका मुलाने भराभर लिहून घेतले, दिग्दर्शक सुजय डहाके, राष्ट्रपतींचे सुवर्णपदक, आईच्या भूमिकेत वनमाला! चित्रपट दोन आहेत, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हते. आचार्य अत्रे यांचा १९५३ चा. त्यात आई वनमाला आणि श्याम माधव वझे. त्यालाच १९५४ साली पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले. डहाके यांचा आला २०२३ साली. तोही कृष्णधवल, त्यामुळे नुसती चित्रे पाहून जुना कोणता आणि नवा कोणता, हे मुलांना कळेना. मी फळ्यावर दोन रकाने पाडले आणि सांगितले, "प्रत्येक गोष्टीपुढे साल लिहा." पाच मिनिटांत गुंता सुटला. नाव सारखे असले म्हणजे वस्तू एकच असते असे नाही, हा धडा व्याख्यान देऊन इतका चांगला शिकवता आला नसता.

श्याम पत्रावळ लावायला शिकतो, ती गोष्ट वाचली तेव्हा मुलांनी 'पत्रावळ' शोधले. समोर आली कागदी ताटल्यांची दुकाने, शेकड्याच्या भावासकट! 'पळसाच्या पानांची पत्रावळ कशी लावतात' असे पूर्ण विचारल्यावर कुठे वाट दिसू लागली. इतक्यात मागे बसलेला आमच्या वॉचमनचा मुलगा उठला. त्याच्या घरी एकच फोन, तोही वडिलांबरोबर ड्यूटीवर. एरवी तो गप्पच असायचा. म्हणाला, "बाई, माझी आजी लावते की गावाला. पानं ओली असतानाच चोयांनी टाचायची, वाळली की फुटतात." मुले त्याच्याभोवती गोळा झाली. मग आम्ही एक चित्रफीत लावली आणि त्याचे म्हणणे पडताळले. तंतोतंत! त्या दिवसापासून आमच्या वहीत 'कोठून कळले' या रकान्यात माणसांनाही जागा मिळाली. पहिली नोंद 'वर्गमित्राची आजी' अशी आहे.

शेवटी मुलांना आपल्याच गावाकडे वळवले. वाघोली खेडे की शहर? अर्ध्यांना 'ग्रामपंचायत' सापडली, अर्ध्यांना 'महानगरपालिका'. भांडण जुंपले. तेव्हा पानांच्या तारखा पाहायला लावल्या. ३० जून २०२१ रोजी वाघोलीसह २३ गावे पुणे महापालिकेत आली. आधीची पाने त्यांच्या काळी खरी होती, आज ती शिळी झाली, एवढेच. भाकरी ताजी आहे का हे आपण पाहतो, मग माहितीची तारीख का पाहू नये?

फोन तर आता मुलांच्या हातात आलाच आहे, तो हिसकावून काही साधायचे नाही. मला भीती वाटते ती वेगळीच. आयते उत्तर मिळता मिळता प्रश्न विचारायची मुलांची सवयच मोडून जाईल. म्हणून पालकांना एवढेच सुचवते. मुलाने काही शोधून आणले की 'शाबास' म्हणण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात. हे कोण सांगतो? कधी सांगितले? दुसरा कोणी तसेच म्हणतो का? आणि आता पान मिटून, तुझ्या शब्दांत सांग पाहू!

'श्यामची आई' १ जानेवारी २०११ पासून लेखकहक्कातून मोकळे झाले आहे, त्यामुळे ते मिळायला अडचण नाही. आणि घरात आजी-आजोबा असतील तर पुस्तकही नको. या सुट्टीत फराळाचे ताट पुढे ठेवून त्यांना लहानपणीची एक आठवण सांगायला लावा. त्यातला एक शब्द, एक गाव आणि एक साल नातवंडांना शोधू द्या. आठवण आणि नोंद यांत फरक निघाला, तर आजी चुकली असे लगेच म्हणू नका. कदाचित नोंदच अपुरी असेल. ती पुरी करायचे काम मग त्या नातवंडांचे!