मोत्याची खाज आणि माझी चूक

माणसांच्या आजारांविषयीच्या या सदरात आज एका कुत्र्याच्या खाजेबद्दल लिहितो आहे. काहींना नवल वाटेल. मी जनावरांचा डॉक्टर नव्हे, साधा एम.बी.बी.एस. पण २०२३ च्या पावसाळ्यात माझ्या दवाखान्यात एक प्रकरण असे घडले की, कुत्र्याला वगळून ते सांगताच येत नाही. चूक माझीच होती, म्हणून जरा सविस्तर सांगतो. नावे अर्थातच बदलली आहेत.

त्या वर्षी श्रावण अधिक होता. त्या महिन्यात आमच्या गावातली एक तिशीची सूनबाई नवऱ्यासह माहेरी धोंड्याच्या जेवणाला जाऊन आली, आणि आल्यावर दोन-तीन दिवसांत तिच्या हातांवर, पोटावर बारीक लालसर पुळ्या उठल्या. खाज इतकी की रात्री झोप नाही. सोबत सात वर्षांचा ओंकार. त्याच्याही छातीवर आणि मांड्यांवर तेच. पावसाळी दिवस, दमट हवा. मी पित्ताची गोळी दिली, लावायला कॅलामाइन दिले आणि पुढचा पेशंट आत बोलावला.

दहा दिवसांनी दोघे परत. ओंकारने खाजवून खाजवून तीन-चार ठिकाणी पू केला होता. एका घरात दोघांना खाज, रात्री जास्त, म्हणजे खरूज, असा सरळ हिशेब मी केला. घरातल्या पाचही जणांना पर्मेथ्रिनचे मलम, मानेपासून पायाच्या तळव्यापर्यंत रात्रभर लावायचे, आठवड्याने पुन्हा, कपडे-अंथरुणे गरम पाण्यातून काढायची. मुलाच्या जखमांसाठी प्रतिजैविक दिले. कातडीवरच्या अशा पिकलेल्या जखमांनंतर कधी कधी मूत्रपिंडाला सूज येते, म्हणून लघवीही तपासून घेतली. ती ठीक होती. एवढे सगळे रीतसर केले.

पण एक गोष्ट मी पाहिली आणि सोडून दिली. माणसाची खरूज बोटांच्या बेचक्यांत, मनगटांवर, बेंबीभोवती, जांघेत बसते. त्या दोघांच्या बेचक्या स्वच्छ होत्या. खरजेचा किडा कातडीत पोखरतो तशी बारीक रेघ कुठेच नव्हती. शिवाय पहिल्यांदा खरूज झालेल्याला खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागतात, कारण शरीराने त्या किड्याची ओळख धरावी लागते. माहेरच्या चार दिवसांच्या मुक्कामातून ती तिसऱ्या दिवशी अंगभर उठणार नाही. हे सगळे मला ठाऊक होते. बाहेर बाकावर पंधरा माणसे बसलेली असली की ठाऊक असलेलेही कामाला येत नाही.

मलमाने आठ-दहा दिवस बरे वाटले. मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

या वेळी सासूबाई सोबत आल्या होत्या. खुर्चीवर बसता बसताच म्हणाल्या, "डॉक्टर, हिच्या माहेरच्या विहिरीचं पाणीच तसलं. तिकडून घेऊन आली आणि नातवाला दिली. माझ्या अंगावर बघा, एक पुळी नाही. सोवळ्यानं राहतो आम्ही." सूनबाई खाली मान घालून बसली होती. महिनाभर हे घरात रोज चालले असणार, हे सांगावे लागत नव्हते. आणि 'खरूज आहे' हे माझ्याच तोंडचे वाक्य त्यात तेल ओतत होते.

तेवढ्यात बाहेर पायरीवर ठक ठक ठक असा आवाज सुरू झाला. थांबे, पुन्हा सुरू होई. कंपाउंडर म्हणाला, "काही नाही सर, यांचा मोत्या आलाय मागोमाग. खाजवतोय. त्याचा गुडघा फळीला लागतोय."

मी उठून बाहेर गेलो. तांबूस रंगाचा, चार वर्षांचा गावठी कुत्रा. कानांच्या कडा केस जाऊन खडबडीत झालेल्या, कोपरांवर खपल्या, पोट लाल. आजोबा म्हणाले, दीड महिना झाला, रात्रभर झोपू देत नाही. कडुनिंबाच्या पाण्याने धुऊन झाले, करंजाचे तेल झाले. उष्ण पडते म्हणून अंडे बंद केले. कोणी सांगितले म्हणून गॅरेजमधले काळे ऑइलही चोपडून झाले. शेवटी औषधाच्या दुकानातून गोळ्या आणल्या, त्याने चार दिवस शांत झाला आणि मग दुप्पट वाढले. आता गणपती आठवड्यावर आले. मूर्ती घरात यायच्या आत कुत्रे घराबाहेर काढायचे ठरले होते. ओळखीचा टेम्पो बाजाराला जातो, त्यातून तीस किलोमीटरवर सोडून यायचे. हे ऐकताना ओंकार मोत्याच्या गळ्यात हात घालून बसला होता, आणि त्याच्या हाताची जी बाजू कुत्र्याला टेकली होती, पुळ्या नेमक्या तिथे होत्या.

खाज कोणाला? मोत्याला भाकरी घालणाऱ्या, बांधणाऱ्या सूनबाईला, आणि त्याच्याशेजारी पडवीत लोळणाऱ्या ओंकारला. सासूबाई त्याला शिवत नाहीत, आजोबा काठीने हाकलतात, मुलाचे वडील दिवसभर दुकानात. सोवळ्याचा महिमा तो एवढाच! दोन वेळा ती माणसे माझ्यासमोर बसून गेली आणि 'घरी कुत्रे आहे का?' एवढा प्रश्न मी विचारला नव्हता.

मी लगेच निदान ठोकले, "पिसवा झाल्यात." आजोबांना म्हटले, टेम्पो दोन दिवस थांबवा, आधी याला गुरांच्या दवाखान्यात दाखवा. दुपारी दवाखाना बंद असतो, म्हणून मीही सोबत गेलो. खरे तर माझे निदान बरोबर ठरलेले मला पाहायचे होते.

तिथल्या डॉक्टर मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी कुत्र्याला हात लावण्याआधी दहा मिनिटे नुसते प्रश्न विचारले. खाज कधी सुरू झाली? आधी खाज की आधी केस गेले? दरवर्षी याच दिवसांत होते का? खाणे काय? दुसरी कुत्री जवळ येतात का? आणि घरात आणखी कोणाला खाज आहे का? हा शेवटचा प्रश्न त्यांच्या यादीत होता. माझ्या यादीत त्याचा जोडीदार नव्हता.

मग त्यांनी मोत्याला पांढऱ्या कागदावर उभे करून शेपटीच्या मुळाशी बारीक फणी फिरवली. काळे कण पडले. मी म्हटले, "बघा, पिसवा." त्यांनी ओला कापूस त्या कणांवर दाबला. पिसवेची विष्ठा म्हणजे पचलेले रक्त, ती ओल्या कापसावर तांबूस उतरते. इथे नुसता चिखलाचा डाग आला. पिसवांची खाज मुख्यतः कमरेवर आणि शेपटीच्या मुळाशी असते, आणि माणसाला पिसवा घोट्यांपाशी चावतात. ते इथे जुळत नव्हते. मग त्यांनी मोत्याच्या कानाची कड दोन बोटांत धरून हलके चोळली. त्याचा मागचा पाय आपोआप हवेत खाजवू लागला. ही लुतीची खूण. दुसऱ्या रोगांतही ती कधी दिसते, पण कानाची कड, कोपर आणि पोट या जागांसोबत दिसली तर संशय बळावतो.

लूत हा शब्द आपल्याकडे शिवीसारखा वापरतात, पण तो एका किड्याचा आजार आहे. आठ पायांचा, कोळ्याच्या कुळातला, मिलिमीटरच्या तिसऱ्या भागाएवढा जीव. माणसाच्या खरजेचा किडा त्याचा सख्खा भाऊ. इटलीच्या बोनोमो नावाच्या वैद्याने १६८७ साली तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्याचे वर्णन केले, तरी पुढे दीडशे वर्षे डॉक्टर मंडळी खाजेला रक्तदोषच म्हणत राहिली. कुत्र्याचा किडा माणसावर चढतो, चावतो, खाज आणतो, पण माणसाच्या कातडीत त्याचा वंश वाढत नाही. म्हणून बोटांच्या बेचक्या स्वच्छ. म्हणूनच माझे मलम लागले तेवढे दिवस बरे वाटले, आणि मोत्याकडून रोज नवा पुरवठा चालू राहिला.

मॅडमनी तेल लावून ब्लेडने कातडी खरवडली आणि दोन काचा पाहिल्या. काही दिसले नाही. मी म्हटले, "मग रिपोर्ट निगेटिव्ह ना?" त्या म्हणाल्या, "सर, किडा सापडला तर लूत नक्की. सापडला नाही म्हणजे लूत नाही, असं नसतं. पुष्कळदा सापडतच नाही. औषध देऊन बघायचं." दुकानातल्या गोळ्यांची पट्टी त्यांनी मागून घेतली. स्टेरॉइड निघाले. खाज दाबली गेली, कातडीची प्रतिकारशक्तीही दबली आणि किड्यांना रान मोकळे झाले.

एक प्रश्न उरला होता. घरातल्या कुत्र्याला लूत आली कुठून? आजोबा म्हणाले, तो कुठे जातच नाही. ओंकार रडायला लागला. बऱ्याच वेळाने बोलला. शाळा सुरू झाल्यावर, जूनच्या शेवटी, स्टँडजवळ एक केस गेलेले पिल्लू भिजत बसले होते. ते त्याने दप्तरात घालून आणले आणि मागच्या लाकडांच्या खोपटात चार दिवस लपवून ठेवले. मोत्या त्याला कुशीत घेऊन झोपायचा. पाचव्या दिवशी कोणाला कळू नये म्हणून पुन्हा स्टँडवर नेऊन सोडले. आता आपण बोललो तर आपल्यामुळे मोत्याला टेम्पोत घालतील, म्हणून तो दोन महिने गप्प होता.

इथे मात्र माझ्यातला डॉक्टर जागा झाला. "ते तुला चावलं होतं का?" चावले नव्हते, पण नख लागून रक्त आले होते. अशा वेळी साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे जखम धुवायची आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करायची. कुत्रे दहा दिवस जगते का, याची वाट पाहत बसायचे नाही. इथे दोन महिने उलटून गेले होते. आम्ही स्टँडवर गेलो. कँटीनच्या मागे ते पिल्लू, आता चांगले थोराड झालेले, अंग खाजवत बसले होते. एवढ्या दिवसांनी जिवंत आणि धडधाकट आहे, म्हणजे त्या ओरखड्यातून रेबीज येण्याची भीती नव्हती. माझ्या जिवात जीव आला.

मोत्याला आयव्हरमेक्टिनची इंजेक्शने सुरू झाली, पंधरा-पंधरा दिवसांनी तीन. जपानमधल्या मातीतल्या एका जिवाणूपासून या औषधाचे मूळ सापडले आणि त्यासाठी ओमुरा व कॅम्पबेल यांना २०१५ साली नोबेल मिळाले. पण म्हणून गुरांसाठी आणलेली बाटली घरच्या घरी कुत्र्याला टोचू नये. कॉली जातीच्या आणि त्या रक्ताच्या कुत्र्यांच्या मेंदूवर ते उलटते. आता लुतीवर चघळायच्या गोळ्याही मिळतात. त्या वजनावर ठरतात, आणि तो हिशेब जनावरांच्या डॉक्टरांचा. मोत्याची गोणपाटे जाळली, खोपटे झाडून उन्हात मोकळे ठेवले, कारण हा किडा अंगाबाहेर काही दिवस तग धरतो, आणि गार ओलसर जागी जास्तच.

माणसांना मी फक्त खाज कमी करणारी गोळी दिली. दोन आठवड्यांत दोघेही मोकळे झाले.

पुष्कळांच्या घरी कुत्री आहेत, म्हणून थोडे आणखी. प्रत्येक खाजणारे कुत्रे लुतीचे नसते. गोचीड आणि पिसवा सर्वांत सामान्य. पिसवा असतील तर नुसते कुत्रे धुऊन भागत नाही, कारण त्यांची अंडी आणि कोष घरातल्या भेगांत, अंथरुणांत असतात. गोल चट्टे पडून केस गेले आणि घरातल्या मुलांनाही गोल चट्टे उठले, तर नायटा असू शकतो. पंजे चाटणे, तोंड घासणे, कान सारखे दुखणे वयाच्या पहिल्या तीन वर्षांत सुरू झाले, तर अॅलर्जीकडे बोट जाते. खाण्याची अॅलर्जी ओळखायला निदान आठ आठवडे अगदी ठरावीक आहारावर ठेवावे लागते. दोन दिवस अंडे बंद करून काही कळत नाही. आणि रॉकेल, काळे ऑइल, फिनेल, गोचिडांसाठी आणलेले गुरांचे औषध अंदाजाने लावणे, हे कृपा करून करू नका. कुत्रे अंग चाटते, ते सगळे पोटात जाते.

गणपतीच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. सूनबाईसमोरच सासूबाईंना म्हटले, "खाज माहेरची नाही, मोत्याची आहे. आणि खरूज हे निदान माझं चुकलं." त्या म्हणाल्या, "मग मला कशी नाही झाली?" मी म्हटले, "तुम्ही मोत्याला शिवत नाही." त्यावर त्या "हं" एवढेच म्हणाल्या आणि आत चहा टाकायला गेल्या. चहा सूनबाईला टाकायला सांगितला नाही, हे मी पाहिले.

तिसऱ्या इंजेक्शनाच्या दिवशी गुरांच्या दवाखान्यात मोत्यासोबत आणखी एक कुत्रे होते. ओंकारने स्टँडवरचे ते पिल्लू आणले होते, या वेळी सुतळी बांधून, आजोबांना सांगून.