पाण्याला वाट, हवेला वाट

चंद्रपुरात मार्च ते जून घरावर एकाच आवाजाचं राज्य असतं, कूलरचं. बाहेर पारा सत्तेचाळिशीला टेकलेला आणि आत त्या पत्र्याच्या पेटीची अखंड घरघर. त्या घरघरीत शेजारचा टीव्ही बुडतो, रस्त्यावरचे कोळशाचे ट्रक बुडतात. मग मृगाचा पाऊस येतो, एका रात्री कूलर बंद होतो आणि घर अचानक ऐकू यायला लागतं. आमच्याकडे त्या रात्री आईनं हाक मारली, "काहून रे, मोरीतला नळ उघडाच राहिला का?"

नळ बंद होता. आवाज बैठकीतल्या माशांच्या टाकीचा होता. आधी गुडगुड, मग सुर्रर्र करून काहीतरी ओढल्यासारखं, शेवटी खळ्ळ. अर्ध्या मिनिटानं पुन्हा पहिल्यापासून. उन्हाळ्यात हौसेनं बसवलेली चार फुटी टाकी पावसाळ्याच्या पहिल्याच रात्री शत्रू झाली होती.

आवाज येतो कुठून?

साध्या टाकीत गाळणी टाकीतच लटकते. मोठ्या टाकीला मात्र खाली कपाटात दुसरी टाकी असते. तिला सगळे संप म्हणतात. वरच्या टाकीच्या कोपऱ्यात काचेचा उभा कप्पा असतो. पाणी त्याच्या काठावरून आत सांडतं, कप्प्यातल्या पाइपातून संपमध्ये उतरतं, स्पंजातून गाळलं जातं आणि पंप ते पुन्हा वर चढवतो. वर चढताना पाणी गप्प असतं. गोंगाट सगळा उतरताना.

त्याला कारण पाणी नव्हे, हवा. बेल्जियममध्ये जन्मलेले, पुढे हॉलंडमध्ये काम केलेले खगोलशास्त्रज्ञ मार्सेल मिनार्ट यांनी १९३३ साली वाहत्या पाण्याच्या आवाजाचं गणित मांडलं. पाण्यात अडकलेला हवेचा बुडबुडा घंटेसारखा थरथरतो. तो जितका लहान, तितका सूर उंच. १ मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा सेकंदाला सुमारे ३,२०० वेळा थरथरतो, १ सेंटिमीटर त्रिज्येचा सुमारे ३२० वेळा. टाकीतली बारीक सळसळ लहान बुडबुड्यांची आणि पोटातून आल्यासारखी गुडगुड मोठ्या बुडबुड्यांची, हा हिशेब इथेच लागतो.

ठिबकणाऱ्या नळाचंही हेच. केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ साली अतिवेगवान कॅमेरा आणि पाण्यातला मायक्रोफोन लावून दाखवलं, की 'टिप्' हा आवाज थेंब आपटल्याचा नसतोच. थेंबामुळे पाण्यात खळगा पडतो, खळग्याच्या तळाशी इवलासा बुडबुडा अडकतो आणि तो थरथरताना पाण्याचा पृष्ठभाग ढोलाच्या पानासारखा हलवतो. भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब टाकले की तो आवाज थांबतो, असंही त्यांना आढळलं. बादलीत हा प्रयोग खुशाल करावा. माशांच्या टाकीत मात्र साबणाचा थेंबही नको.

अर्धा भरलेला पाइप

आता आमच्या टाकीचा घोटाळा. पाणी वरून खाली ८० सेंटिमीटर पडत होतं. शाळेतल्या विज्ञानानुसार एवढ्या उंचीवरून पाण्याला सेकंदाला ४ मीटर वेग येऊ शकतो. पाइपाचं घर्षण आणि एल्बोची वळणं धरली तर जवळपास निम्मा. म्हणजे एक इंची पाइप काठोकाठ भरून वाहिला तर तासाला साडेतीन हजार लिटर पाणी उतरवेल. आमचा पंप वर चढवत होता तासाला जेमतेम दीड हजार.

उरलेली जागा हवेनं भरायची. कप्प्यातलं पाणी वाढलं की पाइपाचं तोंड बुडायचं, पाइप पूर्ण भरायचा आणि सायफन सुरू व्हायचा. पुस्तकात त्याला वक्रनलिका म्हणतात. पेट्रोल काढायला नळी तोंडानं ओढणाऱ्यांना तो पुस्तकाशिवायही माहीत असतो. सायफन कप्पा भराभर उपसायचा, पाणी तोंडाखाली गेलं की भोवरा पडून हवा आत घुसायची, सुर्रर्र व्हायचं आणि सायफन तुटायचा. मग कप्पा पुन्हा भरेपर्यंत शांतता. आईला ऐकू आलेलं 'खळ्ळ' म्हणजे दर अर्ध्या मिनिटाला जुळणारा आणि तुटणारा हा सायफन होता.

माझा पहिला उपाय सगळ्यांचा असतो तोच, पाइप आणखी जाड करायचा. तो करून पाहिला. सव्वा इंची पाइपात हवेला आणखी ऐसपैस जागा मिळाली आणि गुडगुड वाढली.

तीन उपाय

जगभरच्या छांदिष्टांनी या दुखण्यावर औषधं शोधून ठेवली आहेत. सगळ्यांचं मूळ एकच. पाणी आणि हवा एका वाटेवर भांडतात, त्यांच्या वाटा वेगळ्या करा.

सर्वांत स्वस्त उपाय अमेरिकेतल्या रिचर्ड डर्सो यांच्या नावानं ओळखला जातो. कप्प्यातल्या उभ्या पाइपाच्या डोक्यावर टी बसवायचा, त्याच्या आडव्या तोंडाला खाली वळणारा एल्बो लावायचा आणि टीच्या टोपीला बारीक भोक पाडायचं. एल्बोचं तोंड पाण्याखाली राहतं, त्यामुळे भोवऱ्यातून हवा ओढली जात नाही. लागेल तेवढी हवा वरच्या भोकातून गुपचूप येते आणि सायफन जुळतच नाही. भोक लहान पडलं तर सायफन पुन्हा जुळतो, मोठं पडलं तर हवेचीच शीळ ऐकू येते. म्हणून सुरुवात बारीक भोकानं करून ते हळूहळू वाढवावं. खर्च फार तर पीव्हीसीच्या दोन-तीन तुकड्यांचा.

दुसरा उपाय दोन पाइपांचा. एक पाइप कायम पूर्ण भरलेला ठेवायचा. त्यात हवाच नाही, तर बुडबुडा कुठला? त्यासाठी खालच्या टोकाला व्हॉल्व्ह लावून, पंप चढवतो तेवढंच पाणी उतरेल इतका तो आवळायचा. इथे पाव फेऱ्यात उघडणारा बॉल व्हॉल्व्ह कामाचा नाही. केसभर हात हलला तरी पाणी लिटरांनी बदलतं. अनेक फेऱ्यांत हळूहळू फिरणारा गेट व्हॉल्व्ह घ्यावा. दुसरा पाइप उंच तोंडाचा, मोकळा, फक्त संकटासाठी.

तिसऱ्या उपायात पाइप तीन. पहिला पूर्ण भरलेला आणि शांत. दुसरा किंचित उंच, त्यातून उरलंसुरलं पाणी भिंतीला चिकटून पातळ धारेनं उतरतं, हवा मधल्या पोकळीत राहते. पहिल्यात थोडा कमी-जास्तपणा झाला तर दुसरा तो सांभाळून घेतो. तिसरा सर्वांत उंच आणि नेहमी कोरडा. त्याला व्हॉल्व्ह कधीच लावायचा नाही. काचेला तीन भोकं पाडावी लागतात, ही याची अडचण. ती टाकी बनवतानाच पाडून घ्यावीत.

बारीकसारीक गोष्टीही पुष्कळ काम करतात. पाण्याची कप्प्यातली उडी दोन-तीन सेंटिमीटरांचीच ठेवावी. काटकोनी एल्बोऐवजी ४५ अंशांचे दोन वापरावेत. पाइपाचं खालचं टोक संपच्या पाण्यात दोन-तीन सेंटिमीटर बुडवावं. वर राहिलं तर धबधबा, फार खोल गेलं तर अडकलेली हवा ढेकर देत बाहेर येते. पंपाखाली स्पंजाचा तुकडा ठेवावा आणि शेवटची वीतभर जोडणी लवचीक नळीची करावी, नाहीतर पंपाची थरथर कपाटाच्या फळ्यांतून घरभर होते. उन्हाळ्यात संपचं पाणी आटून पंप हवा ओढू लागतो, तेव्हा रोज पाणी भरावं.

आणि वीज. आमच्या गावाला २,९२० मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र आहे आणि दिवे आमच्याकडेही जातात. पंप थांबला की वरचं पाणी खाली येणारच. चार फूट लांब, दीड फूट रुंद टाकीतलं दोन सेंटिमीटर पाणी म्हणजे जवळपास ११ लिटर. पंपाच्या नळीचं तोंड टाकीत दहा सेंटिमीटर खोल असेल तर तीच नळी उलटा सायफन होऊन ५० लिटरांहून जास्त पाणी खाली आणते. म्हणून ते तोंड पृष्ठभागालगत ठेवावं आणि संपमध्ये तेवढी जागा रिकामी सोडावी.

काठ लांब, धार पातळ

आमच्या टाकीला शेवटी तीन पाइपांचाच उपाय केला. तिचं एक कोडं मात्र पाइपांनी सुटलं नाही, ते काठावरून पडणाऱ्या धारेचं. कप्प्याचा काठ जेमतेम १० सेंटिमीटर लांब होता. तासाला दीड हजार लिटर पाणी त्यावरून जाताना सुमारे १७ मिलिमीटर जाड धार होते. तोच काठ ३० सेंटिमीटर केला तर जाडी ८ मिलिमीटरवर येते आणि पाणी आपटत नाही, घसरतं.

हे गणित वहीत मांडताना लक्षात आलं, की ते आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया हा तलावांचा मुलूख. १९५०च्या कायद्यानं मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, गेली आणि ते तलाव 'माजी मालगुजारी', म्हणजे बोलण्यातले मामा तलाव झाले. त्याआधीची परंपरा गोंड राजांची. जंगल साफ करून गाव वसवणाऱ्याला, तलाव बांधणाऱ्याला जमीन मिळे. त्या दानाला तुकूम म्हणत, आणि चंद्रपूर शहरातली एक मोठी वस्ती अजून ते नाव चालवते.

या तलावांची रचना पाहा. पाणी अडवायला पाळ. शेताला पाणी सोडायला तुडूम. आणि जास्तीचं पाणी निघून जायला पाळीच्या कडेला सलंग, लांबरुंद आणि उथळ. रोजच्या पाण्याची वाट वेगळी, पुराच्या पाण्याची वेगळी. सलंग अरुंद असती तर पाण्याची जाड धार पडून खालची माती उकरली असती आणि मागोमाग पाळ गेली असती. आमच्या कपाटातल्या तीन पाइपांचा नियम धानाच्या शेतकऱ्यानं मातीत आधीच लिहून ठेवला होता. पावसाळ्यात नागभीडजवळ घोडाझरीच्या सांडव्यावर भिजायला गर्दी लोटते, तिलाही हाच लांब काठ पाहायला मिळतो.

आता आमची टाकी रात्री ऐकू येत नाही. निवासी भागासाठी रात्रीची आवाजाची कायदेशीर मर्यादा ४५ डेसिबल आहे. टाकी तिच्या कितीतरी खाली असावी, कारण तिच्याजवळ बसलं की भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येते.

फक्त तिसरा, कोरडा पाइप मी मुद्दाम गप्प केला नाही. त्याचं खालचं टोक पाण्यात न बुडवता वर ठेवलं आहे. एखादं पान किंवा गोगलगाय पहिल्या पाइपात अडकली तर पाणी तिसऱ्यातून पडणार आणि धबधबा वाजणार. मागच्या श्रावणात एकदा तो वाजला. मध्यरात्री आईच्या खोलीतून आवाज आला, "ऊठ रे, सलंग चालू झाली."